पगार की बिल?

शनिवार पेठेत एक चक्कर मारली तरी बायकांच्या कमाईचे आजचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मेहुणपुऱ्यातल्या बोळांत, ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याला, अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, विजेच्या खांबांवर नि जिन्यांच्या भिंतींवर चिकटवलेले कागद वाचत जा. 'घरगुती डबे मिळतील.' 'ब्लाऊज शिवून मिळतील.' 'मराठी डीटीपी, प्रुफे तपासून मिळतील.' 'मुलींसाठी कॉट बेसिस.' आणि त्यांच्या शेजारीच 'मुली पाहिजेत. रिसेप्शन, डेटा एन्ट्री, टेलिकॉलिंग. त्वरित भेटा.' ही शेवटची जाहिरात ज्या ऑफिसात काम करायचे त्या ऑफिसची सहसा नसतेच. ती असते माणसे पुरवणाऱ्या एजन्सीची.

गंमत अशी, की या दोन तऱ्हेच्या कागदांमागे पुष्कळदा एकच बाई असते. सकाळी दहा ते पाच ती एजन्सीमार्फत कुठल्यातरी इस्पितळाच्या काउंटरवर बसते आणि संध्याकाळी घरी येऊन मशीनवर पाय मारते, डबे भरते, नाहीतर प्रकाशकाची पाने लावते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून पेठेत येऊन राहिलेल्या मुलीही खोलीचे भाडे काढायला हेच करतात. अर्धा दिवस एजन्सीचे काम, उरलेल्या वेळात शिकवण्या. आणि मैत्रिणींनो, हे काही फक्त पुण्याचे नवल नाही. तुमच्या गावातल्या बँकेत, नगरपालिकेत, मॉलमध्ये, कॉलेजच्या ऑफिसात 'एजन्सीकडून लागलेली' एकतरी ओळखीची निघेलच.

आपल्याकडे बाई मुळात स्वतःच्या जिवावर कमावते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ४१.७ टक्के काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांच्या मोजणीत आल्या, आणि काम करणाऱ्या स्त्रियांतल्या ६७.४ टक्के स्वयंरोजगारातल्या होत्या. म्हणजे तिघींतल्या दोघी. शेती, दुकान, शिवण, पापड, डबे. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्या फार थोड्या. तेव्हा एजन्सीची नोकरी मिळाली की 'लागली बाई नोकरीला!' असे घरादाराला वाटते. पण ती खरेच नोकरीला लागली का, हाच आजचा प्रश्न आहे.

वरकरणी हा प्रश्न इन्कम टॅक्सचा वाटतो. 'दोन ठिकाणचे पैसे येतात, टॅक्स कसा भरायचा?' एवढेच आपण विचारतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एजन्सी जे पैसे देते ते कोणत्या नावाने देते? पगार म्हणून, की बिल म्हणून? सगळे गणित त्या एका शब्दावर फिरते.

हातात सारखे, पदरात वेगळे

अशी एक मैत्रीण डोळ्यांपुढे आणू. एजन्सीने तिला महिना १८,००० रुपये ठरवले आहेत. घरी डीटीपीचे काम करून ती वर्षाला आणखी लाख-दीड लाख मिळवते.

आधी पगाराची तऱ्हा पाहू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरू, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचे १२ टक्के झाले १,८००. राज्य कामगार विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये. हातात आले १६,०६५.

आता बिलाची तऱ्हा. एजन्सी तिला 'व्यावसायिक' म्हणते, ती दर महिन्याला बिल देते आणि एजन्सी व्यावसायिक फीवरचा १० टक्के कर आधीच कापून घेते. म्हणजे १,८००. हातात आले १६,२००.

पाहिलेत? फरक फक्त १३५ रुपयांचा. बाई म्हणते, "काय फरक पडतो? उलट बिलात दोन पैसे जास्तच!" पण पहिलीचे १,८०० तिच्याच फंडात गेले, आणि त्यावर मालकाने आपले तितकेच घातले. वर्षाला दोघांचे मिळून ४३,२००. त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, बाकीचा फंडात साठतो. वर ईएसआयसाठी मालक आणखी ३.२५ टक्के भरतो. त्यातून तिला आणि घरच्यांना औषधपाणी मिळते. ठरलेले दिवस भरले असतील तर बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजाही मिळते. फंडाला जोडलेला विमा असतो, त्यात दुर्दैवाने काही बरेवाईट झाले तर वारसाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते.

दुसरीचे १,८०० सरकारजमा झाले. वर्षाचे २१,६००. तिला कर लागतच नाही, म्हणून ते परत मिळू शकतात. पण केव्हा? तिने रिटर्न भरले तर! नाही भरले तर ते तिथेच. मालकाने त्यावर काही घातले नाही, इस्पितळाचे कार्ड नाही, रजा नाही, पेन्शन नाही. हातातले पैसे जवळपास सारखे, पदरात पडलेले मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे.

तिसरीही एक तऱ्हा आहे. काही एजन्स्या 'कंत्राटदार' म्हणून फक्त एक टक्का कापतात. मग १८,००० मधले १७,८२० हातात येतात आणि खरा मोह इथेच पडतो. "पीएफ कापू नका हो साहेब, हातात येऊ द्या," असे आपल्यातल्याच कितीजणी म्हणतात. म्हणणाऱ्या बाईचे काही चुकत नाही. तिला गॅस, शाळेची फी आणि भिशी या महिन्यात भागवायची असते. पण तिची ही नड एजन्सीच्या पथ्यावर पडते. मालकाचा १,८०० चा हिस्सा वाचतो आणि वर बाईच आभार मानते.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. 'अठरा हजारांतच मालकाचा हिस्साही धरलाय' असे कुणी नंतर सांगू लागले तर खुशाल प्रश्न विचारा. फंडातला मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून वळता करायला कायद्याने मनाई आहे.

नाव देणारे कोण?

'त्यांनी कागदावर बिल लिहिले, मी सही केली, मग आता काय बोलणार?' असे वाटणे साहजिक आहे. पण कायदा नुसत्या नावाकडे पाहत नाही, कामाची तऱ्हा पाहतो. येण्याजाण्याची वेळ कोण ठरवते? काम कसे करायचे ते कोण सांगते? मशीन, कॉम्प्युटर, टेबल कोणाचे? रजा कोणाला विचारून घ्यायची? काम पसंत नसेल तर परत करायला कोण लावते? या सगळ्याचे उत्तर 'ते' असेल तर तुम्ही कागदावर काहीही असा, कामाच्या तऱ्हेने कामगार आहात.

यात शिवणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावा असा एक जुना निकाल आहे. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात दुकानदारांचे म्हणणे होते, की शिंपी नगावर शिवतात, काही जण कापड घरीही नेतात, मग ते आमचे कामगार कसे? सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मशीन दुकानाचे, कसे शिवायचे ते दुकान सांगणार, बिघडले तर नाकारणार, मग नगावर पैसे दिले म्हणून नाते बदलत नाही. पुढे १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सोलापूर, सिन्नर, नगर भागातल्या विडी वळणाऱ्या आयाबहिणींच्या घरात या गोष्टीचे मोल कळते. बाई घरी बसून काम करते म्हणून ती आपोआप 'स्वतंत्र धंदेवाली' होत नाही.

आणि खरोखर स्वतंत्र असलेले कामही असते, बरे का. तुम्ही चार प्रकाशकांची पाने लावता, दर तुम्ही सांगता, कॉम्प्युटर तुमचा, नको असेल तर काम नाकारता. तो तुमचा धंदा, तिथे बिलच योग्य. बिल वाईट नाही. पगाराच्या कामाला बिलाचे नाव देणे वाईट.

इंग्लंडमध्ये एजन्सीच्या कामगारांचा हा घोळ बराचसा कायद्यानेच मिटवला आहे. तिथे एजन्सीमार्फत दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्याचा कर साधारणपणे पगारासारखाच कापावा लागतो. २०११ मध्ये लागू झालेल्या नियमांनी त्याच जागी बारा आठवडे भरले की मूळ वेतनात आणि कामाच्या तासांत कायम कामगारासारखी वागणूक द्यायची आहे. तिच बाई संध्याकाळी स्वतःचा धंदाही करू शकते. मग ती पगार आणि धंदा या दोन ओळी एकाच रिटर्नमध्ये दाखवते. आपल्याकडे मात्र पहिली ओळ कोणत्या नावाने लिहायची ते पुष्कळदा एजन्सीच ठरवते.

सरकारही एजन्सीच्या दारात

हा प्रश्न खासगी कंपन्यांपुरता राहिलेला नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी, निमसरकारी कार्यालयांना माणसे पुरवण्यासाठी नऊ खासगी संस्थांचे पॅनेल नेमणारा निर्णय काढला. गावोगावच्या स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मोर्चे निघाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द झाल्याचे जाहीर झाले. निर्णय गेला, पण एजन्सीमार्फत माणसे घेण्याची पद्धत गेली नाही. सफाई, सुरक्षा, डेटा एन्ट्री, रुग्णालयातली मदतनीस ही कामे अनेक ठिकाणी तशीच चालतात, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले. त्यावर मतभेद आहेत, कामगार संघटनांनी विरोधही केला आहे. तो वाद आपल्या जागी. आपल्या कामाच्या चार गोष्टी मात्र त्यातून उचलून घ्याव्यात. कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. काम सुटले तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. आणि मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबायला नको, एक वर्ष पुरे. शिवाय कंत्राटी कामगाराचा पगार ठेकेदाराने बुडवला तर ज्याच्याकडे काम केले त्या मूळ मालकाने तो द्यायचा, हे जुन्या १९७० च्या कायद्यातले तत्त्व नव्या संहितेतही आहे.

पण हे सगळे कोणासाठी? कामगारासाठी. बिल देणारीसाठी नाही. म्हणूनच त्या एका शब्दाची किंमत आता आणखी वाढली आहे.

बारा लाखांचा गैरसमज

आता कराकडे वळू. पूर्वी बायकांना करमाफीची मर्यादा पुरुषांपेक्षा थोडी जास्त असे. २०१०-११ मध्ये पुरुषांना १,६०,००० आणि स्त्रियांना १,९०,००० होती. २०१२-१३ पासून हा भेद गेला. आता कर मोजताना बाई-पुरुष सारखेच.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढे टप्प्याटप्प्याने कर लागतो, पण एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर नेहमीच्या उत्पन्नावरच्या कराला पूर्ण सवलत मिळते. पगारदारांना त्याआधी ७५,००० ची सरसकट वजावटही आहे. ही वजावट पगारालाच मिळते, धंद्याच्या उत्पन्नाला नाही. आणि वर्षात दोन एजन्स्या बदलल्या तरी ती एकदाच मिळते, दोनदा नाही. म्हणून दुसऱ्या एजन्सीला पहिल्या पगाराची माहिती द्यावी.

यातून लोकांनी सोयीचा अर्थ काढला. 'बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?' इथेच बायकांचे पैसे अडकतात. कर शून्य असणे आणि रिटर्न भरायची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. वर्षात तुमच्या नावावर २५,००० किंवा जास्त कर कापला गेला असेल, तर उत्पन्न कमी असले तरी भरावे लागते. आणि आपल्या मैत्रिणीसारखे २१,६०० कापले गेले असतील तर सक्ती नसली तरी भरायचे, कारण पैसे आपले आहेत!

काहीजणी बँकेत व्याजासाठी १५-जी भरून देतात, तसा फॉर्म एजन्सीला दिला की कर कापणार नाही असे समजतात. तो फॉर्म व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांसाठी असतो. व्यावसायिक फीला किंवा कंत्राटाच्या पैशांना तो चालत नाही. पॅन दिला नाही किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय असला, तर कापणी २० टक्क्यांवर जाऊ शकते, तेही ध्यानात ठेवा.

दोन कमाया, एकच रिटर्न

एजन्सीचा पगार आणि घरचा धंदा यांची दोन वेगळी रिटर्न भरायची नसतात. माणूस एक, पॅन एक, रिटर्न एक. फक्त खाने वेगळे. पगार पगाराच्या खान्यात, धंदा धंद्याच्या. नुसता पगार असणाऱ्यांचा 'सहज' नावाचा सोपा फॉर्म धंदा असला की चालत नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते. अंदाजाने नफा दाखवायची सोय घेणार असाल तर पगार आणि धंदा मिळून 'सुगम' नावाच्या फॉर्मवर बहुतेकींचे काम होते.

ही अंदाजाची सोय लहान धंदेवालीला फार उपयोगाची. शिवण, डबे, डीटीपी यांसारख्या छोट्या धंद्यात वह्यांचा मोठा पसारा न ठेवता उलाढालीच्या किमान ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. अर्थात खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा. डीटीपीवालीचा खर्च तो काय? वीज, कागद, शाई. तिने दीड लाखाच्या कामावर नऊ हजार नफा दाखवला तर उद्या बँकेत कर्जाला गेल्यावर तेच नऊ हजार तिच्या तोंडावर येतील. लाख मिळाले असतील तर लाख लिहावे. कर तसाही शून्यच येणार आहे!

मात्र एक अपवाद. 'तू चार मुली आणून दे, प्रत्येकीमागे तुला इतके' असे काम काही एजन्स्या जुन्या, ओळखीच्या बायकांना देतात. ते कमिशन झाले. वर्षाला २०,००० च्या वर गेले की त्यावर २ टक्के कर कापला जातो आणि कमिशनच्या उत्पन्नाला ही अंदाजाची सोय मिळत नाही. त्याचा हिशेब नीट ठेवावा लागतो. अशा वेळी माहीतगार कर सल्लागाराला दाखवून घ्या.

कमाई चांगली वाढली आणि कापलेला कर वजा जाता वर्षाचा कर दहा हजारांवर जाऊ लागला, की तो आगाऊ भरायचा असतो. अंदाजाची सोय घेणारीला तो १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. सेवेच्या धंद्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी साधारणपणे लागत नाही, आणि एजन्सीचा पगार त्या २० लाखांत धरायचा नसतो. बिल असेल तर धरायचे. पाहा, पुन्हा तोच शब्द!

राहिला व्यवसाय कर. १९७५ च्या राज्याच्या कायद्याने तो आला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. एका दुष्काळातून महाराष्ट्राने देशाला दिलेल्या योजनेत आपला वाटा, असे म्हणू या. २०२३ मध्ये स्त्रियांसाठी पगाराची माफीमर्यादा महिना १०,००० वरून २५,००० करण्यात आली. म्हणजे १८,००० पगारावर तो कापायचा नाही. कापला असेल तर विचारा. स्वतंत्र व्यवसायाची नोंदणी असेल तर वर्षाचे २,५०० भरावे लागतात. एका माणसाकडून राज्याने वर्षाला २,५०० पेक्षा जास्त व्यवसाय कर घ्यायचा नाही ही मर्यादा राज्यघटनेतच आहे.

आयकराचा नवा कायदा २०२५ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. १९६१ च्या कायद्यातली कलमे त्यात नव्या क्रमांकांनी आली आहेत. कुणी जुना क्रमांक सांगेल, कुणी नवा. गोंधळून जाऊ नका. पगार, धंदा, कमिशन हे खाने तेच आहेत.

भीती आणि खाते

गावाकडच्या बायकांच्या मनात एक भीती हल्ली घर करून आहे. 'रिटर्न भरले तर लाडकी बहीण बंद होईल.' २०२४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात आयकर भरणारे कुणी नको, अशा अटी घातल्या होत्या. सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत काम करणाऱ्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मात्र त्यात पात्र धरले होते. कापलेला कर परत घेण्यासाठी शून्य कराचे रिटर्न भरणे म्हणजे आयकर देणे नव्हे. पण खरोखर घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल, तर रिटर्न न भरून ते कमी होत नाही. दीड हजारांच्या भीतीने एकवीस हजार सहाशे सोडायचे का, याचा हिशेब ज्या त्या बाईने शांतपणे करावा.

दुसरी गोष्ट खात्याची. डब्यांचे पैसे नवऱ्याच्या फोनवर येतात, शिवणीचे मुलाच्या. सोपे पडते म्हणून. पण मग कागदावर ती कमाई तुमची राहत नाही. कर्ज मागायला गेलात तर बँक विचारते, 'तुमचे उत्पन्न कुठे आहे?' आणि पंधरा वर्षे मशीन चालवणारी बाई 'गृहिणी' असे लिहून परत येते. स्वतःच्या नावाचे खाते, त्यावर धंद्याचे पैसे, आणि एक साधी दोनशे पानी वही. तारीख, कोणाकडून, किती, कशाचे. एवढे पुरे.

सही करण्यापूर्वी

एजन्सीच्या टेबलासमोर बसलात की किती देणार, एवढेच विचारून उठू नका. पुढचे प्रश्नही विचारा.

नेमणूकपत्र कोणाच्या नावाने मिळणार, एजन्सीच्या की कंपनीच्या? पगारपत्रक मिळणार का? फंड आणि ईएसआय कापणार का, आणि मालकाचा हिस्सा वेगळा आहे ना? कर कापणार असाल तर कशाच्या नावाखाली? वर्षाअखेर फॉर्म १६ देणार, की १६-ए? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळे सांगून जाते. आजवरच्या पद्धतीत १६ म्हणजे पगार, १६-ए म्हणजे बाकीचे काहीही. फॉर्मांचे क्रमांक बदलले तरी प्रश्न एकच विचारायचा. पगाराचा दाखला, की दुसरा?

फंडाचा यूएएन क्रमांक आधीचा असेल तर तोच द्या, एजन्सी बदलली की नवा काढू देऊ नका. दर बदलीला फंड काढून घेण्याचा मोह होतो. जुना फंड नव्या खात्यात वळवला तर सलग पाच वर्षे मोजली जातात. त्याआधी काढला तर त्यावर कर लागू शकतो.

कापलेला कर खरेच भरला गेला की नाही ते दर तीन महिन्यांनी आयकराच्या वेबसाइटवर आपल्या पॅनखाली पाहा. स्वतःला जमत नसेल तर मुलीला, भाच्याला बसवा. कापला पण भरला नाही, तर तो दोष एजन्सीचा. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडे मागता येत नाही, पण त्यासाठी पगारपत्रक किंवा बिल जपून ठेवलेले हवे.

आणि काम देण्याआधीच 'नोंदणी फी', 'डिपॉझिट', 'मूळ सर्टिफिकेट ठेवा' असे कुणी म्हणाले तर उठून या. काम शोधणाऱ्याकडून एजन्सीने पैसे घेऊ नयेत, असे जागतिक कामगार संघटनेच्या १९९७ च्या करारात म्हटले आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, म्हणून आपली राखण आपल्यालाच करायची.

कुणी म्हणेल, 'एवढे प्रश्न विचारले तर दुसरीला घेतील.' खरे आहे, घेतीलही. एकटीने विचारले तर नक्कीच. म्हणून एका एजन्सीकडे जाणाऱ्या चारजणींनी आधी एकमेकींची पगारपत्रके समोरासमोर ठेवून पाहावीत. एकीला फंड आहे, दुसरीला नाही, तिसरीचे दहा टक्के जातात, चौथीचा एक, असे निघाले तर प्रश्न आपोआप चौघींचा होतो. आपण भिशीसाठी जमतो, हळदीकुंकवाला जमतो. पुढच्या वेळी पर्समध्ये पगाराचा कागदही घेऊन जा.